विलायतेची पदवी आणि बार्शीची नोंदवही

परदेशी जाऊन वैद्यक शिकण्याची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत-राजकोटच्या बायकांच्या इस्पितळांत त्यांनी उभे आयुष्य काढले, हेही पुष्कळांना माहीत असते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला, त्याच्या अगदी सुरुवातीच्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर बायका होत्या, हे मात्र कमी लोकांच्या कानावर असते. या साऱ्या आठवणींत आपली एक खोड दिसते. आपण प्रवास लक्षात ठेवतो: बोट, थंडी, जेवणाचे हाल, आप्तांचा विरोध, शेवटी पदवीदान. ती विद्या इथल्या रोग्याच्या कामी येण्यासाठी काय करावे लागले, याची आठवण आपण ठेवत नाही. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिविद्येचा, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातली सगळ्यात बोलकी आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते.

आज पुण्या-नाशकातली, नागपूर-औरंगाबादेकडची मुलेमुली कृत्रिम बुद्धिमत्तेचा आरोग्यासाठी उपयोग शिकायला अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्सकडे निघतात. अभ्यासक्रमांची नावे हेल्थ इन्फर्मेटिक्स, बायोमेडिकल डेटा सायन्स अशी असतात. बँकेत शैक्षणिक कर्जाची फाइल चालू असते आणि घरात चर्चा असते ती विद्यापीठाच्या क्रमवारीची. अशा वेळी या विद्येचा स्वतःचा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे. संगणकाकडून रोगनिदान करवून घेण्याचा खटाटोप साठ-पासष्ट वर्षे जुना आहे, आणि त्याने एकच गोष्ट वारंवार सिद्ध केली आहे, असे माझे म्हणणे आहे. रीत उसनी आणता येते. ती रीत ज्या नोंदींवर चालते त्या मात्र जिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या माणसांतून गोळा कराव्या लागतात. परदेशी शिकायला जाणाऱ्याने खरे शिकायचे असेल तर ते या नोंदीचे शास्त्र.

संगणक येण्याच्या आधीचाच एक दाखला घेऊ. वसंत रामजी खानोलकर लंडन विद्यापीठात पॅथॉलॉजी शिकले, परत येऊन मुंबईत अध्यापक झाले आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. विलायतेत जे शिकले ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखण्याचे कसब. पण मुंबईत समोर जो रोगी येत होता, त्याच्या गालात, जिभेवर, हिरड्यांत गाठ होती, आणि तोंडात वर्षानुवर्षे तंबाखू-चुन्याचा विडा. तोंडाच्या कर्करोगाचे इथले प्रमाण तिकडच्या पुस्तकांतल्या प्रमाणाशी जुळणारे नव्हते. खानोलकरांनी केले ते असे की, लागोपाठ आलेले एक हजार रोगी घेतले, त्यांतला एकही सोयीसाठी वगळला नाही, आणि त्यांची छाननी १९४४ मध्ये अमेरिकेच्या एका नामांकित कर्करोग-नियतकालिकात छापली. ‘लागोपाठ’ या शब्दाचे मोल मोठे आहे. निवडक, चमत्कारिक केसेस छापण्याची डॉक्टरांना हौस असते. ओळीने येणारा प्रत्येक रोगी मोजणे हे कंटाळवाणे काम असते. लंडनचे शिक्षण मुंबईत कामी आले ते या कंटाळवाण्या कामातून.

संगणकाची गोष्ट १९५९ पासून सुरू करता येते. रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड या दोघांनी त्या वर्षी ‘सायन्स’मध्ये लेख लिहून डॉक्टर निदान करतो म्हणजे तर्काच्या आणि संभाव्यतेच्या कोणत्या पायऱ्या चढतो, हे गणिताच्या भाषेत मांडले. लेडली मूळचा दंतवैद्य आणि भौतिकशास्त्राचा अभ्यासक, लस्टेड क्ष-किरणतज्ज्ञ. दोन विद्याशाखांच्या कुंपणावर बसलेल्या माणसांनीच हे क्षेत्र उभे केले, हे आज प्रवेश घेणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. पण कागदावरच्या गणिताला रोग्यापर्यंत नेले ते इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका शल्यविशारदाने. एफ. टी. डी डोंबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषय निवडला तो अगदी रोजचा: अचानक पोटात दुखू लागलेला माणूस. अपेंडिक्स आहे, अल्सर फुटला आहे, पित्ताशय सुजले आहे, की आपोआप थांबणारी कळ आहे? यातल्या चुकीची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. उगाच पोट फाडले तरी पंचाईत, आणि फाडायचे राहिले तरी पंचाईत.

लीड्सच्या पद्धतीचा जीव होता एका छापील तक्त्यात. दुखणे कुठे सुरू झाले, आता कुठे आहे, कशाने वाढते, कशाने कमी होते, उलटी झाली का, भूक आहे का, पोट दाबून हात झटकन उचलल्यावर कळ येते का: अशा प्रश्नांची उत्तरे ठरावीक शब्दांत नोंदवायची. ‘दुखणे’ म्हणजे काय, ‘कडक पोट’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या आधी सगळ्यांनी मान्य केलेली. पूर्वीच्या शेकडो रोग्यांच्या अशाच नोंदी यंत्रात होत्या आणि शेवटी शस्त्रक्रियेत काय सापडले तेही. नवा रोगी आला की बेझच्या नियमाने यंत्र संभाव्यता काढी. १९७२ मध्ये ३०४ रोग्यांवरचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यंत्राचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आले, तर त्याच रोग्यांबाबत सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के वेळा. वर्तमानपत्रांना पुरेल असा हा आकडा होता. मला मात्र त्याच वर्षीचा त्याच मंडळींचा दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांनी गणित तेच ठेवले, पण खऱ्या नोंदींऐवजी अनुभवी डॉक्टरांचे अंदाज यंत्रात घातले: अपेंडिक्समध्ये उलटी किती जणांना होते, अल्सर फुटल्यावर पोट कडक किती जणांचे होते, वगैरे. यंत्राची अचूकता घसरली. जन्मभर पोटे तपासलेल्या माणसांचे अंदाज आणि त्यांच्याच वॉर्डातली मोजदाद यांत अंतर होते. विद्वत्ता तीच, गणित तेच, फरक फक्त मोजण्याचा.

पुढची पायरी याहून बोधक आहे. लीड्सची यंत्रणा कोपनहेगनच्या रोग्यांवर लावून पाहिली गेली तेव्हा तिचा निकाल लीड्सइतका चांगला आला नाही. डॅनिश माणसाचे अपेंडिक्स इंग्रज माणसापेक्षा निराळे नसते. निराळे असते ते बाकी सगळे. रुग्णालयापर्यंत कोण पोचतो, किती तासांनी पोचतो, वाटेत कोणता डॉक्टर त्याला गाळून घेतो, कोणता शब्द कोणत्या अर्थाने लिहिला जातो. नंतर ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल १९८६ मध्ये आला. १६,७३७ रोगी, सुमारे अडीचशे डॉक्टर. पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली, विनाकारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे यंत्र जिंकले? तसे म्हणणे घाईचे होईल. नंतरच्या अभ्यासांतून हे पुढे आले की सुधारणेचा मोठा वाटा तक्ता नीट भरण्याला आणि आपले निदान बरोबर ठरले की चूक हे डॉक्टरांना वेळोवेळी कळवण्याला होता. यंत्र बाजूला ठेवले तरी शिस्त राहिली, की फायदा बराचसा राहत होता. हा निष्कर्ष तेव्हा संगणकवाल्यांना फारसा रुचला नसावा.

अटलांटिकच्या पलीकडे स्टॅनफर्डला याच काळात वेगळी वाट धरली गेली. एडवर्ड शॉर्टलिफ या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९७० च्या दशकात मायसिन नावाचा प्रोग्राम रचला. तज्ज्ञांना विचारून बनवलेले काही शे नियम त्यात होते आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाला कोणते प्रतिजैविक द्यावे हे तो सुचवी. १९७९ मध्ये मेंदूज्वराच्या केसेसवर त्याची परीक्षा झाली; कोणती शिफारस कुणाची हे परीक्षकांना सांगितलेले नव्हते. मायसिनच्या शिफारशी ६५ टक्के वेळा स्वीकारण्याजोग्या ठरल्या आणि स्टॅनफर्डच्या नामवंत प्राध्यापकांतला एकही त्याच्या पुढे गेला नाही. तरी तो रोग्यांच्या उपचारात कधीच वापरला गेला नाही. प्रश्नांची उत्तरे टंकायला वेळ लागे, आणि रुग्णालयाचे रेकॉर्ड संगणकात नसल्याने सगळे हाताने भरावे लागे. शॉर्टलिफनी पुढे १९८२ मध्ये स्टॅनफर्डला वैद्यकीय माहितीशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. हुशार यंत्र कपाटात पडून राहिल्याच्या अनुभवातून हे शिक्षण उभे राहिले, असे म्हटले तर फार चुकणार नाही. आजचे अभ्यासक्रम याच कुळातले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये कर्करोगाची नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ही पहिली नोंदणी. रुग्णालयात कोण आले याऐवजी एका ठरावीक हद्दीत राहणाऱ्या सगळ्या लोकांत किती जणांना रोग झाला, हे ती मोजते. शहरात हे जमले, कारण रुग्णालये, प्रयोगशाळा, मृत्यूचे दाखले यांत शोधले की रोगी सापडतो. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी उभी राहिली तेव्हा ही रीत तशीच चालली नाही. हद्द होती बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे. तिथला रोगी दवाखान्यापर्यंत येतच नव्हता, मग त्याची नोंद कुठून मिळणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. घरातल्या बाईशी, शिक्षकाशी, पाटलाशी बोलायचे. कुणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे का, कुणाला अंगावरून अवेळी रक्त जाते का, स्तनात गाठ आहे का, विचारायचे. माणसाला तपासणीला यायला राजी करायचे. मग पुन्हा काही महिन्यांनी त्याच गावात जायचे. विलायतेतल्या नोंदणीच्या पुस्तकांत हे नव्हते, कारण तिकडे त्याची गरज नव्हती. या फेऱ्यांतून गर्भाशयमुखाचा कर्करोग हा तिथल्या बायकांतला मुख्य कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले, आणि नोंद घ्यायला जाणारा माणूस लक्षणे समजावून सांगतो, म्हणून लोक लवकर येऊ लागले. मोजण्याचे कामच उपचाराचा भाग झाले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लीड्स आणि मायसिन जुन्या काळची, चिमुकली यंत्रे होती. शेकडो रोगी किंवा शेकडो नियम. आजची मॉडेल्स लाखो चित्रांवर शिकतात, मग ती एका गावापुरती कशी अडतील? आक्षेपात तथ्य आहे, पण पुरावा तो पूर्ण मान्य करू देत नाही. २०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मधुमेहाने होणारा डोळ्याच्या पडद्याचा विकार ओळखणारे मॉडेल प्रसिद्ध केले. त्याच्या शिक्षणासाठी १,२८,१७५ चित्रे वापरली होती, त्यांत मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या भारतीय रुग्णालयांतली चित्रेही होती. निकाल उत्तम होता. तेच तंत्र थायलंडमधल्या अकरा दवाखान्यांत नेले तेव्हा काय झाले याचा अहवाल २०२० मध्ये आला. परिचारिका चित्र काढत, पण खोलीत पुरेसा अंधार नसे, इंटरनेट मंद असे. पाचांत एकाहून जास्त चित्रे यंत्र नाकारी आणि रोग्याला सांगावे लागे की दुसऱ्या गावी जाऊन दाखवा. त्याआधी, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या छातीच्या एक्स-रेवरचा अभ्यास आला होता. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेले मॉडेल एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा आहे हे जवळजवळ अचूक ओळखू शकत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी पुष्कळ आणि दुसऱ्यात थोडे असतील, तर फुप्फुस न पाहताही बरोबर उत्तराच्या जवळ जाता येते. परक्या रुग्णालयाच्या एक्स-रेंवर त्याची कामगिरी बऱ्याचदा खालावली. कोपनहेगनची पुनरावृत्तीच, फक्त आकडे मोठे.

उलट बाजूचा दाखलाही लपवण्याचे कारण नाही. क्षयरोगासाठी एक्स-रे वाचणाऱ्या पाच प्रणाली ढाक्याच्या तपासणी केंद्रांतल्या २३,९५४ लोकांवर तपासल्या गेल्या. त्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली होती. पाचही प्रणाली तिथल्या रेडिऑलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यावरच्या लोकांच्या क्षयतपासणीत माणसाऐवजी असे वाचन वापरायला मान्यता दिली. म्हणजे यंत्र सरहद्द ओलांडू शकते. पण कशाच्या बळावर? ढाक्यात प्रत्येक माणसाच्या थुंकीची तपासणी झालेली होती, म्हणून यंत्र कुठे बरोबर आणि कुठे चूक हे सांगता आले. म्हाताऱ्यांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत ते कमी पडते हेही त्याच नोंदींमुळे कळले. कोणत्या गुणांकापासून पुढे संशयित धरायचे ती रेषा प्रत्येक ठिकाणी तिथल्या माहितीवर ठरवा, असेच जागतिक संघटनेचे सांगणे आहे. आक्षेप घेणाऱ्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा शेवटी नोंदीच्याच बाजूने साक्ष देतो.

नोंद असली म्हणजे झाले, असेही नाही. काय नोंदले यालाही अर्थ असतो. अमेरिकेत जास्त काळजीची गरज कुणाला आहे हे ठरवणारी एक प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती. २०१९ मध्ये तिची चिकित्सा प्रसिद्ध झाली. प्रणालीने आजाराऐवजी आजारावर झालेला खर्च मोजला होता. कृष्णवर्णीय रोग्यांवर खर्च कमी होत असे, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यंत्राला कमी आजारी दिसत. खर्चाऐवजी आजार मोजला असता तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. आपल्याकडे दवाखान्याचे बिल हाच सर्वांत सहज मिळणारा डेटा आहे. ज्या घरात सुनेच्या दुखण्यावर शेवटी खर्च होतो, तिथे बिलावर शिकलेले यंत्र तिला ठणठणीत ठरवणार. अशी चूक पकडण्याची नजर परदेशातल्या चांगल्या विभागांत शिकवली जाते, आणि तेवढ्यासाठीही तिकडे जाणे सार्थ आहे.

दुसरा आक्षेप असा की, सगळे इथल्या नोंदींवरच ठरणार असेल तर लाखो रुपये कर्ज काढून जायचे तरी कशाला? उत्तर खानोलकरांच्या उदाहरणात आहे. पेशी ओळखणे ते लंडनला शिकले नसते तर हजार रोगी मोजूनही त्यांना काय मोजतो आहोत ते कळले नसते. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ एका टेबलाशी बसून एका तक्त्यावर भांडतात, ही संस्कृती आपल्या महाविद्यालयांत अजून विरळ आहे. आपल्याकडे वैद्यकाचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी बारावीनंतर वेगळे होतात ते पुन्हा भेटतात लग्नाच्या मांडवात. तिसरा आक्षेप गेलेले परत येत नाहीत हा. तो खरा आहे आणि नुसत्या देशभक्तीच्या व्याख्यानांनी सुटणारा नाही. पण परत येणाऱ्याला इथे काय मिळते, हेही पाहिले पाहिजे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर रोग्याच्या हातात दिला जातो, तो पिशवीत घडी घालून नेला जातो, पुढच्या खेपेला हरवतो आणि नवा निघतो. ज्या विद्येचा कच्चा मालच असा वाहून जातो, तिचा पदवीधर इथे येऊन करणार काय? तो कॅलिफोर्नियात राहिला तर दोष एकट्या त्याचा नाही.

केसपेपर संगणकावर आणण्याचे सरकारी प्रयत्न २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या नावाने चालू आहेत, आणि व्यक्तिगत माहिती सहसा संबंधिताच्या संमतीशिवाय वापरू नये यासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला. दोन्ही हवेच होते. पण स्कॅन केलेला वाईट केसपेपर हा वाईट केसपेपरच राहतो, आणि संमतीच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्याला आपण कशाला हो म्हटले ते कळले पाहिजे. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी हे दारात बसून समजावले. संगणकाच्या पडद्यावरची चौकोनी खूण ते काम करणार नाही.

म्हणून अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना आणि कर्जाला जामीन राहणाऱ्या पालकांना एक विनंती. विद्यापीठाची क्रमवारी पाहा, शिष्यवृत्ती पाहा, पण त्या विभागाला पत्र लिहून हेही विचारा: तुमच्या विद्यार्थ्यांना खऱ्या रोग्यांच्या नोंदी हाताळायला मिळतात का, त्या नोंदी कुणी आणि कशा केल्या हे शिकवले जाते का, आणि एका जागी बनवलेले मॉडेल दुसऱ्या जागी तपासण्याचे काम अभ्यासक्रमात आहे का. तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तर ती पदवी पुण्यात बसून इंटरनेटवरही स्वस्तात शिकता येते.